ॲक्सिलरेटर केबल बदलायची, तर या क्रमाने

नवी केबल टाकल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली, अशी तक्रार असलेल्या गाड्यांमध्ये दोन गोष्टी पुन्हापुन्हा सापडतात. एक, हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते. दोन, स्लोचा स्क्रू (मूठ बंद असताना इंजिन किती रेसवर चालेल ते ठरवणारा) कितीही सोडला तरी इंजिन खाली बसत नाही. बहुतेक वेळा केबलही चांगली असते आणि कार्ब्युरेटरही. चुकलेला असतो क्रम. केबल ताणलेली असतानाच स्लो लावलेला असतो. अशा वेळी स्लाइड (कार्ब्युरेटरमधला, केबलने वर उचलला जाणारा झडपेसारखा भाग) स्लोच्या स्क्रूवर टेकलेलीच नसते, ती केबलला लटकलेली असते. मग स्क्रू फिरवून उपयोग काय?

म्हणून सगळ्या कामाचा कणा आधीच सांगतो: केबल पूर्ण सैल, मग स्लो, मग प्ले (स्लाइड उचलण्याआधी मूठ जेवढी मोकळी फिरते ते अंतर). बाकीचे टप्पे या तीन गोष्टी नीट व्हाव्यात म्हणून आहेत.

हा लेख कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. आधी एक केबल आणि थेट स्लाइड उचलणारा कार्ब्युरेटर धरून लिहिलंय, म्हणजे मिकुनी व्हीएमसारखा. पुलीवर केबल गुंडाळणारे सीव्ही कार्ब्युरेटर, दोन केबलच्या गाड्या आणि ऑइल पंपाच्या टू-स्ट्रोक यांचं वेगळेपण त्या त्या जागी येईल.

सुरुवातीआधी: दोष केबलचाच आहे ना?

मूठ जड फिरते म्हणून थेट केबल मागवू नका. जडपणा तीन जागी असू शकतो: हँडलवरची मूठ, केबल किंवा कार्ब्युरेटर. इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवा आणि स्लाइड (किंवा पुली) बोटांनी हलवून बघा. ती अडखळत असेल तर दोष खाली आहे, नव्या केबलने काही फरक पडणार नाही. ती मोकळी असेल तर वरचंही टोक सोडवा आणि नुसती मूठ फिरवा. नुसती मूठ जड असेल तर बहुधा प्लॅस्टिकच्या नळीखाली धूळ आणि जुन्या ग्रीसची पेस्ट जमलेली असते, गाडी पडल्यावर हँडल किंचित वाकलेलं असतं, नाहीतर ग्रिपचं टोक बार-एंडच्या वजनाला घासत असतं. मूठही मोकळी असेल, तर केबल हातात धरून आतली तार मागेपुढे ओढा. खरखर लागली की केबल गेली.

एक गोष्ट मात्र वाट न बघता करायची. निपलजवळ (तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळ्याजवळ) तारेचा एक धागा जरी तुटून वर आलेला दिसला, तरी केबल त्याच दिवशी बदला. तुटलेल्या धाग्याचं टोक बाहेरच्या नळीत रुततं आणि मूठ सोडल्यावरही रेस तिथेच अडकते. केबल तुटली तर तुम्ही गाडी ढकलत घरी आणता. केबल अडकली तर काय होतं, ते वळणावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

टप्पा १: तयारी

नवी केबल हातात असल्याशिवाय गाडी उघडू नका. हत्यारं फार लागत नाहीत: ८, १० आणि १२ चे पाने, टोकदार पक्कड, स्टीलची पट्टी, टॉर्च, चिकटपट्टी, पेन, तीनेक मीटर मजबूत दोरा, थोडं पातळ ग्रीस, दोन-तीन सुती फडकी.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. जुन्या जपानी गाड्यांचे अधिकाचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. मुठीच्या घरट्याचे (मुठीजवळ केबल जिथे शिरते त्या दोन भागांच्या खोक्याचे) दोन स्क्रू आणि कार्ब्युरेटरच्या पट्टीचे स्क्रू याच कारणाने चौपट वेळ खातात. जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा.

मग फोटो काढा, आणि भरपूर काढा. केबल घरट्यातून कशी निघते, हेडलाइटच्या कोणत्या बाजूने जाते, कोणत्या क्लिपमधून आणि कोणत्या वायरीच्या खालून जाते, टाकीखाली फ्रेमच्या डावीकडून की उजवीकडून. हे फोटो टाकी काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर एकदा.

इंजिन थंड असू द्या. पेट्रोल कॉक बंद करा, पाइप काढताना सांडणारं पेट्रोल झेलायला डबा ठेवा. जवळ ज्योत, सिगरेट, ठिणगी काही नको, आणि काम मोकळ्या हवेत करा.

तपासा: हे काम सुरू करण्याआधी किल स्विच चालतो का ते बघा. इंजिन सुरू करा, स्विच दाबा, इंजिन बंद पडलं पाहिजे. जुन्या गाड्यांमध्ये हा स्विच वर्षानुवर्षं कोणी वापरलेला नसतो आणि नेमका गरजेच्या दिवशी दगा देतो. चालत नसेल तर आधी तो दुरुस्त करा. गाडीला किल स्विच नसेलच, तर चावीने इंजिन लगेच बंद होतं याची खात्री करा.

टप्पा २: जुनी केबल काढणं

आधी सगळे ॲडजस्टर (केबलची ढिलाई कमी-जास्त करणारे आट्यांचे तुकडे) पूर्ण आत फिरवा. चेकनट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करा आणि ॲडजस्टर त्याच्या घरात शिरेल तितका शिरू द्या. वरचा मुठीजवळचा आणि खालचा कार्ब्युरेटरजवळचा, दोन्ही. हे न करता थेट निपल उपसायला गेलात तर पक्कड लावावी लागते आणि निपल बसायची खाच वाकते.

मग मुठीचं घरटं उघडा. दोन्ही स्क्रू काढा, पण घरट्याचे दोन भाग झटक्यात ओढू नका. कित्येक गाड्यांत किल स्विच आणि स्टार्टरच्या वायरी त्याच घरट्यात असतात, आणि जुनं इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटतं. निपल ड्रमच्या (मुठीसोबत फिरणाऱ्या, तार गुंडाळणाऱ्या चाकाच्या) खाचेतून कसा बसलाय, तार ड्रमच्या खोबणीत कोणत्या बाजूने येते, याचा एक फोटो घ्या. आता तार ढिली करून निपल बाजूला सरकवा.

आता कार्ब्युरेटर. टोपी उघडण्याआधी आजूबाजूची धूळ फडक्याने किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर टोपी काढताच ती थेट स्लाइडच्या विहिरीत पडते. टोपी सोडवून सरळ वर उचला. तिच्यासोबत स्प्रिंग, स्लाइड आणि सुई वर येतील. सुई वाकडी होणार नाही असं सरळच उचला आणि उघड्या कार्ब्युरेटरवर लगेच स्वच्छ फडकं ठेवा. एक वायसर आत पडला की कार्ब्युरेटर उतरवावाच लागतो.

स्प्रिंग बोटांनी टोपीकडे दाबून धरा, तार स्लाइडमध्ये खाली ढकला, निपल बाजूला सरकवून मोठ्या भोकातून बाहेर काढा. आता लक्ष द्या. स्प्रिंगखाली पत्र्याची एक छोटी चकती असते आणि तिच्याखाली सुई तिच्या क्लिपवर बसलेली असते. केबल निघाली की चकती सैल होते आणि सुई खाली घसरते. क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते मोजून लिहून ठेवा. तिसऱ्या खाचेतली क्लिप चुकून दुसऱ्या खाचेत बसली तर सुई खाली जाते, मधल्या रेसला पेट्रोल कमी पडतं आणि तुम्ही आठवडाभर केबललाच दोष देत बसता.

सीव्ही कार्ब्युरेटर असेल तर टोपीला हातच लावायचा नाही. तिथे केबल बाजूच्या पुलीवर असते. पत्र्याच्या पट्टीवर केबलचं टोक दोन नटांमध्ये धरलेलं असतं. नट सैल करा, नळी खाचेतून बाहेर काढा, पुली हाताने उघडून तार ढिली करा आणि निपल काढा.

केबल ओढून काढण्याआधी दोरा बांधा. जुन्या केबलच्या खालच्या टोकाला दोरा घट्ट बांधायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे गाठ कशात अडकणार नाही. मग वरून हळूहळू ओढा. केबल बाहेर येते, दोरा तिच्याच वाटेत राहतो. नवी केबल याच दोऱ्याला बांधून वरून खाली नेता येते. पाच मिनिटांच्या या कामाने पुढची अर्ध्या तासाची चाचपडण वाचते.

टप्पा ३: नवी केबल जुनीशेजारी ठेवून मोजा

लोक केबलची एकूण लांबी बघतात. खरं माप आहे मुक्त तारेचं: आतल्या तारेची लांबी वजा बाहेरच्या नळीची लांबी. दोन्ही केबल टेबलावर सरळ ठेवा, एका टोकाचा निपल नळीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाला किती तार बाहेर येते ते पट्टीने मोजा. समजा जुनीची ८५ मिमी आली आणि नवीची १०० मिमी. हा १५ मिमीचा फरक ॲडजस्टरला उचलता आला पाहिजे. ॲडजस्टर पूर्ण आतून सुरक्षित टोकापर्यंत किती बाहेर येतो, तेही मोजा. तेवढ्यात मावत नसेल तर ती केबल तुमच्या गाडीची नाही. उलट मुक्त तार कमी भरली, तर स्लाइड खाली बसणारच नाही, आणि अशी केबल कुठलाही ॲडजस्टर वाचवू शकत नाही.

बाहेरची नळीही सारखीच लांब हवी. हँडल बदलून उंच लावलं असेल तर मूळ मापाची केबल वळताना ताणली जाईल. ठेंगणं हँडल लावलं असेल तर ती जास्तीची गुंडाळी करून कुठेतरी दुमडेल. निपलचा व्यास आणि आकार, वरच्या वाकड्या नळीचा कोन आणि आट्याचं माप जुन्याशी ताडून बघा. निपल जाडीने थोडा मोठा आहे म्हणून तो कानशीने घासायचा मोह होतो. घासून बसवलेला निपल खाचेत फिरत नाही, आणि फिरला नाही की तार निपलच्या तोंडाशीच रोज थोडीथोडी वाकत राहते आणि तिथेच तुटते.

तेल घालायचं की नाही? आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असेल तर नळीत काही घालू नका. जाड तेल किंवा ग्रीस अस्तरात धूळ धरून ठेवतं आणि थंडीत केबल चिकट करतं. अस्तर नसलेल्या, जुन्या पद्धतीच्या नुसत्या पोलादी नळीत मात्र पातळ तेल हवंच: केबल उभी टांगून वरून थेंबथेंब सोडा, खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत. दोन्ही प्रकारांत निपलवर आणि ड्रमच्या खाचेत ग्रीसचा एक ठिपका लागतोच.

बोल्टने आवळायचे तात्पुरते निपल वाटेत अडकलात तर घर गाठण्यापुरते ठीक आहेत. कायमचे लावू नका.

टप्पा ४: केबलचा मार्ग

दोऱ्याने केबल आणल्यावर फोटोंशी ताडून बघा. नियम थोडे आहेत, पण मोडायला फार सोपे आहेत. कुठेही काटकोनी वळण नको. नळी फ्रेम आणि टाकी यांच्यात चेपता कामा नये. सिलिंडर आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा. केबल जिथे जिथे हँडलसोबत हलते, तिथे तिला झिप टायने करकचून बांधू नका. क्लिपमधून तिला मागेपुढे सरकता आलं पाहिजे.

हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या आणि टॉर्च लावून बघा. स्टेअरिंगच्या अडथळ्याच्या गोळ्याजवळ केबल चिमटली जाते का? वरची वाकडी नळी ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला किंवा आरशाच्या दांड्याला टेकते का? टाकी न बसवता सगळं मोकळं दिसेल, पण टाकी बसल्यावर जागा बदलते. म्हणून टाकी जागेवर नुसती ठेवून हीच तपासणी पुन्हा करा.

टप्पा ५: कार्ब्युरेटरचं टोक बसवणं

टोपीतून तार आत घाला, स्प्रिंग चढवा, स्प्रिंग दाबून धरा. सुई तिच्या क्लिपसह स्लाइडमध्ये ठेवा, चकती तिच्यावर बसवा, निपल मोठ्या भोकातून घालून बाजूच्या खाचेत सरकवा, मग स्प्रिंग सोडा. हलकेच तार ओढून निपल खरोखर खाचेत बसलाय का बघा.

आता या लेखातली सगळ्यात महागडी चूक. स्लाइडच्या एका बाजूला खालून तिरपा काप असतो. तो काप एअर फिल्टरच्या बाजूला असायला हवा, इंजिनच्या बाजूला नाही. स्लाइडवर एक उभी खोबण असते, ती कार्ब्युरेटरच्या आतल्या छोट्या पिनेवर बसते. दुसऱ्या बाजूची खोबण स्लोच्या स्क्रूसाठी असते. स्लाइड अर्धा वळसा फिरवून घातली तरी ती आत जाते, फक्त पूर्ण खाली उतरत नाही.

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा मी नेमकं हेच केलं होतं. टोपी बसली, मला वाटलं झालं. किक मारली आणि इंजिन थेट ओरडायला लागलं. हात किल स्विचऐवजी मुठीकडेच गेला, मी मूठ उलटी फिरवत राहिलो, जणू ती अजून बंद होणार होती. थंड इंजिनवर ते काही सेकंदच चाललं, पण त्यानंतर स्लाइड बसल्याची खात्री केल्याशिवाय मी टोपी आवळलेली नाही.

खात्री करायची ती अशी. स्लाइड दोन बोटांनी अलगद आत सोडा आणि अगदी थोडी डावी-उजवी फिरवा. खोबण पिनेला भेटली की ती आपोआप खाली सरकते आणि तळाला टेकल्याचा बारीक टक्क आवाज येतो. सुई जेटमध्ये शिरली नसेल तर ती वरच अडते. जोर लावू नका, पुन्हा उचला, सुई मध्यभागी आणा, पुन्हा सोडा.

टोपी आवळताना आणखी एक फसगत होते. जुन्या टोपीचे आटे मऊ असतात आणि स्प्रिंग तिला तिरकी ढकलत असते. म्हणून टोपी आधी उलट्या दिशेने, म्हणजे सोडायच्या बाजूला, हळूच फिरवा. आट्याची सुरुवात जुळते तिथे ती टिक करून किंचित खाली बसते. तिथून हाताने आवळायला लागा. दोन वळसे हाताने सहज गेले नाहीत तर तिरकी लागली आहे, काढून परत लावा. पाना फक्त शेवटच्या थोड्या पिळापुरता. टोपीखालचा वायसर किंवा रबरी रिंग विसरू नका, नाहीतर धूळ वरूनच आत जाईल.

टप्पा ६: मुठीचं टोक

मूठ बसवण्याआधी हँडलची नळी आणि मुठीचा आतला भाग साफ करून पुसून घ्या. ग्रीस लावायचंच असेल तर नुसता हात फिरवल्याइतकं. ग्रिप आणि बार-एंड यांच्यात १ ते २ मिमी मोकळी फट ठेवा. ही फट नसेल तर सगळ्या केबली नव्या असूनही मूठ सुटल्यावर परत येत नाही.

निपलला ग्रीसचा ठिपका लावून ड्रमच्या खाचेत बसवा, तार खोबणीतूनच जाते ना ते बघा. घरट्याच्या आत एक छोटी पिन असते, ती हँडलला पाडलेल्या भोकात बसली पाहिजे. काही जण ती पिन कापून टाकतात. मग जोरात रेस दिली की घरटंच फिरतं आणि केबल ताणते. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. घरटं जुन्या मऊ मिश्रधातूचं असेल तर फार जोर नको, आटे गेले की ते परत मिळत नाहीत.

टप्पा ७: इंजिन सुरू करण्याआधी

आता मूठ पूर्ण उघडा आणि एकदम सोडा. ती स्वतःहून, टक्क आवाज करत बंद झाली पाहिजे. हे तीन स्थितींत करा: हँडल सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मूठ अर्धी उघडून सोडा, पाव उघडून सोडा, अगदी हळू सोडा. कुठेही रेंगाळली तर पुढे जाऊ नका. मागे जाऊन मार्ग आणि फट तपासा.

एअर फिल्टरची नळी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडातून टॉर्च टाका. मूठ पूर्ण उघडल्यावर स्लाइड वाटेतून पूर्ण वर गेली पाहिजे. २६ मिमीच्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइडला जवळजवळ तेवढंच वर यावं लागतं, म्हणून केबल फार ढिली राहिली तर गाडी टॉपला कमी पडते आणि मालक रिंग-पिस्टन बघायला लागतो. मूठ बंद केल्यावर स्लाइड स्लोच्या स्क्रूवर टेकते का तेही इथूनच दिसतं.

टप्पा ८: सैल, स्लो, प्ले

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: ॲडजस्टर बाहेर काढला की बाहेरची नळी लांब झाल्यासारखी होते आणि तार ताणते, म्हणजे प्ले कमी होतो. आत घातला की प्ले वाढतो. घाईत बरेच जण नेमकं उलट करतात.

दोन्ही ॲडजस्टर पुरेसे आत ठेवून केबल ढिली असल्याची खात्री करा. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत. अंगठा किल स्विचवर ठेवूनच सुरू करा. रेस वर पळाली तर लगेच किल स्विच. पेट्रोल कॉक बंद करून काही होत नाही, फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल इंजिनाला बराच वेळ पुरतं.

इंजिन गरम होऊ द्या. थंड इंजिनवर, चोक ओढलेला असताना स्लो लावला तर गरम झाल्यावर तो वाढलेला मिळतो. गरम झाल्यावर चोक पूर्ण बंद करा आणि स्लोच्या स्क्रूने इंजिन मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांवर आणा. या क्षणी केबलचा कशाशीही संबंध नसतो, म्हणूनच हा स्लो खरा.

आता प्ले. ठळक बदल खालच्या ॲडजस्टरने, बारीक बदल वरच्याने. वरचा जवळजवळ पूर्ण आत, दोन-तीन वळसे बाहेर एवढाच ठेवा, म्हणजे पुढे दोन्ही दिशांना वाव राहतो. खालचा ॲडजस्टर हळूहळू बाहेर काढत जा, आणि मधूनमधून मोजत जा.

मोजायची रीत: ग्रिपच्या आतल्या कडेवर, घरट्याच्या शेजारी, चिकटपट्टीचा तुकडा लावा. घरट्यावरही एक तुकडा. मूठ बंद असताना दोन्हींवरून पेनाने एकच सरळ रेघ काढा. आता मूठ अगदी हळू फिरवा, स्लाइड उचलायला लागल्याचा विरोध बोटांना जाणवेल तिथे थांबा. दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा. बहुतेक गाड्यांना हे २ ते ६ मिमी हवं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये याहून नेमका आकडा असेल तर तोच पाळा. मी स्वतः मध्यावर, साधारण ४ मिमीवर ठेवतो. कमी प्ले ठेवला की मूठ लगेच प्रतिसाद देते असं वाटतं, पण हँडल वळवताना तीच केबल अडचण करते.

ॲडजस्टर आट्यांच्या शेवटापर्यंत काढू नका. निम्म्याहून जास्त बाहेर आला असेल तर केबल चुकीची आहे किंवा नळीचं टोक घरात नीट बसलेलं नाही. बाहेर लटकणारा ॲडजस्टर धक्क्याने वाकतो, तुटतोही. शेवटी चेकनट आवळा, पण आवळताना ॲडजस्टर हाताने धरून ठेवा, तो सोबत फिरतो. मग प्ले पुन्हा मोजा.

तपासा: इंजिन स्लोला चालू ठेवून हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे न्या. आवाज तसूभरही बदलता कामा नये. एकाच बाजूला रेस वाढत असेल तर बहुतेक वेळा मार्ग चुकलाय, टप्पा ४ कडे जा. दोन्ही बाजूंना थोडी वाढत असेल तर प्ले कमी आहे. फरक पडला म्हणून स्लोचा स्क्रू फिरवू नका, दोष तिथे नाही.

दोन केबल, दोन कार्ब्युरेटर, ऑइल पंप

दोन केबलच्या गाडीत एक केबल उघडते आणि दुसरी परत ओढते. काढण्याआधी दोन्हींना चिकटपट्टी लावून नावं लिहा, कारण टोकाचे आटे सारखे असतील तर अदलाबदल सहज होते. क्रम असा: दोन्ही ढिल्या करा, उघडणाऱ्या केबलचा प्ले बसवा, मग मूठ बंद धरून परतीच्या केबलची ढिलाई घ्या आणि किंचित प्ले राहू द्या. दोन्ही ताणल्या तर मूठ दोन दिशांना ओढली जाते आणि जड होते. परतीची केबल अनावश्यक म्हणून काढून टाकू नका. स्प्रिंग कमी पडली, धूळ अडकली, तर तीच मूठ बंद करते.

दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून मूठ हळू फिरवा. एका बोटाला हालचाल आधी जाणवली तर त्या कार्ब्युरेटरचा टोपीवरचा ॲडजस्टर थोडा आत घाला. हे जमल्यावर व्हॅक्यूम गेजने बारीक जुळवणी करून घेतली तर उत्तम.

टू-स्ट्रोकचा ऑइल पंप केबलनेच चालत असेल, तर केबल बदलल्यावर पंपाच्या लिव्हरवरची खूण तपासणं टाळू नका. काही गाड्यांत ती स्लोला जुळते, काहींत मूठ पूर्ण उघडल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलं असेल तसं. खूण मागे राहिली तर इंजिन जोरात चालतं पण तेल कमी मिळतं, आणि पिस्टन जाम होतो. इथे अंदाजाने काम करू नका.

टप्पा ९: पहिली फेरी आणि नंतर

टाकी पूर्ण बसवून, पाइप आणि क्लिप लावून, टप्पा ७ मधली मूठ सोडण्याची तपासणी एकदा पुन्हा करा. टाकीच्या वजनाने केबल चेपली असेल तर ती याच वेळी कळते. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू, दोन-तीन गिअरपर्यंतच. प्रत्येक वेळी मूठ सोडल्यावर रेस लगेच पडते का, याकडेच लक्ष द्या.

नवी केबल थोडी बसते. बाहेरची नळी तिच्या घरात रुळते आणि प्ले वाढतो. शंभरेक किलोमीटर झाले की रेघ काढून पुन्हा मोजा. तेवढाच बदल वरच्या ॲडजस्टरने दोन मिनिटांत होतो. चेकनट परत एकदा धरून बघा, मग ॲडजस्टरवरचं रबर बूट खाली ओढून बसवा. ते वर गुंडाळलेलं राहिलं की पावसाचं पाणी थेट नळीत उतरतं.